कॉम्प्युटरच्या पदवीत सायबर सुरक्षा: काली उघडण्याआधी काय, नंतर काय

तिसऱ्या वर्षी ऑनर्ससाठी सायबर सुरक्षा घ्यायची, त्याच आठवड्यात काली लिनक्स (सुरक्षा तपासणीची टूल्स आधीच भरलेली लिनक्स) उतरवायचं, व्हिडिओ बघत एखादं टूल चालवायचं आणि पडद्यावर जे आलं ते जर्नलला चिकटवायचं. बरीच मुलं इथूनच सुरुवात करतात आणि ओरलला "हा पोर्ट फिल्टर्ड का दिसतोय?" एवढ्या प्रश्नावर अडकतात. टूलने काय केलं हे सांगता येत नाही, कारण टूल ज्यावर चालतं ते नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस हे विषय तोपर्यंत फक्त परीक्षेपुरते वाचलेले असतात.

खालचा क्रम दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून, आठवड्याला सहा तास धरून लावला आहे. तुम्ही आधीच तिसऱ्या वर्षात असाल तरी टप्पा २ गाळू नका. सेमिस्टरच्या सुट्टीत उरका.

## तयारी: काय हाताशी हवं

- लॅपटॉपमध्ये किमान ८ जीबी रॅम. १६ असेल तर काम निवांत होतं. ८ जीबीवर एका वेळी दोनच व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे संगणक) चालवा.
- एसएसडीवर ८० जीबी मोकळी जागा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेत गेलात की जागा भराभर संपते.
- एक कागदी वही. दर वेळी तारीख, वेळ, कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनवर काय केलं आणि काय अपेक्षित होतं, या चार गोष्टी लिहायच्या. "काय अपेक्षित होतं" हा रकाना टूल चालवण्याआधी भरायचा. शिकणं होतं ते याच रकान्यात.
- एम मालिकेची चिप असलेलं मॅकबुक असेल तर कालीची एआरएम आवृत्ती घ्या. खाली वापरलेलं मेटास्प्लॉइटेबल २ हे सरावासाठी मुद्दाम छिद्रं ठेवलेलं मशीन जुन्या ३२ बिट इंटेल प्रोसेसरसाठी बनलेलं आहे. ते यूटीएम या मॅकवरच्या ॲपमध्ये इम्युलेशनने (वेगळ्या प्रोसेसरची नक्कल करून) चालेल, पण हळू.

## टप्पा १: कायद्याची हद्द आखून घ्या

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातलं कलम ४३ मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "शिकण्यासाठी करून बघितलं" हे सांगून सुटता येईल असं गृहीत धरू नका.

कॉलेजचं वायफाय, वसतिगृहाचा राउटर, मित्राचा फोन, निकालाची वेबसाइट हे सगळं हद्दीबाहेर. कॉलेजच्या लॅबमध्ये काही तपासायचं असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखा, कोणत्या प्रकारची तपासणी आणि काही बंद पडलं तर कोणाला फोन करायचा, हे चार मुद्दे हवेत. सरांनी वर्गात तोंडी "करा" म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. अडचण आली तर सरही अडकतील, तुम्हीही.

सावधान: खऱ्या वेबसाइटमध्ये चुकून काही सापडलं तर तिथेच थांबा. खात्री करण्यासाठी इतरांचा डेटा उतरवून घेऊ नका. पत्ता, वेळ आणि दिसलेली त्रुटी लिहून साइटच्या मालकाला किंवा सर्ट-इनला (सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कळवा.

## टप्पा २: अभ्यासक्रमातले चार विषय वेगळ्या नजरेने वाचा

यासाठी नवं पुस्तक लागत नाही. जे विषय शिकवले जात आहेत, त्यांतले हे भाग हाताने करून बघायचे.

ऑपरेटिंग सिस्टीम आणि सी. फाइलच्या परवानग्या, प्रोसेस, वापरकर्ता आणि रूट यांतला फरक. फंक्शन कॉल झाल्यावर स्टॅकवर काय काय ठेवलं जातं, हे कागदावर रेखाटा. परतीचा पत्ता कुठे असतो हे दाखवता आलं की बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर भरून शेजारची मेमरी बदलणं) समजायला अर्धा तास पुरतो. सी भाषेतलं गेट्स हे फंक्शन सी११ मानकातून का काढून टाकलं, याचं उत्तर त्याच चित्रात आहे.

लिनक्ससाठी ओव्हरदवायरचा बँडिट हा मोफत सराव घ्या. रोज अर्धा तास, पहिल्या वीस पातळ्या. इथे दोन जागी मुलं अडतात. एसएसएचचा पोर्ट २२२० द्यायचा राहतो आणि जोडणी होत नाही. दुसरं म्हणजे पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून कीबोर्ड बिघडला असं वाटतं. तसंच असतं, टाइप करून एंटर दाबा.

नेटवर्क. सबनेटिंग कॅल्क्युलेटरशिवाय आलं पाहिजे. टीसीपीचे सिन, ॲक आणि रीसेट हे फ्लॅग कधी येतात ते पाठ नको, समजलेलं हवं. त्यासोबत एआरपी आणि डीएनएस.

डेटाबेस. क्वेरी जोडून बनवणं आणि पॅरामीटर देऊन चालवणं यांतला फरक, आणि वापरकर्त्यागणिक अधिकार देणं.

गणित. आरएसए एकदा तरी हाताने सोडवा. ६१ आणि ५३ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ३२३३, प्रत्येकातून एक वजा करून केलेला गुणाकार ३१२०. सार्वजनिक घातांक १७ घेतला तर खासगी घातांक २७५३ येतो. पडताळा असा: १७ × २७५३ = ४६८०१, त्याला ३१२० ने भागा, बाकी १ उरली पाहिजे. मुलं चुकतात ती सार्वजनिक घातांक निवडताना. त्याचा ३१२० शी एकही सामाईक अवयव नसावा. ३ किंवा ५ घेतलात तर खासगी घातांक निघणारच नाही.

तपासा: एन्कोडिंग, एन्क्रिप्शन आणि हॅशिंग यांतला फरक प्रत्येकी एका वाक्यात लिहा. बेस६४ ला एन्क्रिप्शन म्हटलं असेल तर पुढे जाऊ नका. तिथे किल्लीच नसते; कोणीही उलटं करून वाचू शकतं.

## टप्पा ३: घरची लॅब उभी करा

सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर वाया जातो, म्हणून इथे घाई नको. एक पूर्ण शनिवार ठेवा.

३.१ व्हर्च्युअलायझेशन सुरू करा. इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम या नावाने ही सोय बायोसमध्ये असते. बायोसमध्ये शिरण्याआधी विंडोजच्या बिटलॉकरची रिकव्हरी की दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधला बदल झाल्यावर विंडोज ती ४८ अंकी की मागू शकतं आणि ती हाताशी नसेल तर आपल्याच फाइलींपासून आपण बाहेर राहतो.

३.२ फाइल उतरवा आणि पडताळा. काली आणि मेटास्प्लॉइटेबल २ मूळ संकेतस्थळांवरूनच घ्या. टेलिग्रामवरून किंवा वर्गमित्राच्या पेनड्राइव्हवरून नको. कालीच्या डाउनलोड पानावर एसएचए-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला हॅश, फाइल बदलली की तोही बदलतो) दिलेली असते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये फाइलची बेरीज काढून दोन्ही जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, पूर्ण ओळ जुळवा.

३.३ मशीन बनवा. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कालीला २ जीबी रॅम आणि दोन प्रोसेसर, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी आणि एक प्रोसेसर. मेटास्प्लॉइटेबलसाठी नवी डिस्क बनवायची नाही. झिपमधली तयार डिस्क फाइल "आधीची डिस्क वापरा" या पर्यायाने जोडायची. नवी डिस्क बनवली की मशीन सुरू होतं, पण "बूट करण्याजोगं काही सापडलं नाही" असं सांगून थांबतं.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं तर हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची सोय आड आलेली आहे आणि मशीन रेंगाळणार. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. मात्र डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारं डॉकर हे यांतल्या दुसऱ्या सोयीवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर, उभे असतात, ते बंद पडतील. दुसऱ्या विषयाचं प्रॅक्टिकल डॉकरवर असेल तर कासवासोबतच चालवा. हळू का होईना, चालतं.

३.४ नेटवर्क लावा. इथे दोन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली: दोन्ही मशीन मूळच्या नॅट सेटिंगवर ठेवणं. त्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला स्वतंत्र जाळं देतं, त्यामुळे दोघांचाही पत्ता १०.०.२.१५ येतो आणि ती एकमेकांना दिसतच नाहीत. मुलं स्वतःलाच स्कॅन करत बसतात.

दुसरी चूक धोक्याची आहे: मेटास्प्लॉइटेबल ब्रिज्ड सेटिंगवर (मशीन थेट बाहेरच्या जाळ्याला जोडणारी) ठेवणं. मग मुद्दाम छिद्रं ठेवलेलं ते मशीन घरच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर उघडं पडतं. त्याचं लॉगिन आणि पासवर्ड, दोन्ही एमएसएफॲडमिन, सगळ्या जगाला ठाऊक आहेत.

बरोबर मांडणी अशी:

- मेटास्प्लॉइटेबलला एकच नेटवर्क कार्ड, होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्यावरची मशीन यांच्यातलं जाळं).
- कालीला दोन कार्डं: पहिलं नॅट, अपडेटसाठी, दुसरं होस्ट-ओन्ली, लॅबसाठी.
- हल्ल्याचा सराव करताना कालीच्या पहिल्या कार्डाची "केबल कनेक्टेड" ही खूण काढून टाका. पत्ता टाकताना एक आकडा चुकला तरी पॅकेट घराबाहेर जाणार नाही.

होस्ट-ओन्ली जाळं बहुधा १९२.१६८.५६.० पासून सुरू होतं. १ हा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा, १०० हा पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरचा, आणि मशीनना १०१ पासून पुढचे पत्ते मिळतात. कालीच्या दुसऱ्या कार्डाला पत्ता आला नाही, तर नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या कार्डासाठी वेगळी वायर्ड जोडणी बनवा.

३.५ स्नॅपशॉट. दोन्ही मशीन नीट बंद करून एकेक स्नॅपशॉट घ्या आणि त्याला "कोरं" असं नाव द्या. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्कची फाइल गेली की तोही गेला.

तपासा: कालीमधून एनमॅप या स्कॅनिंगच्या टूलने फक्त "कोण जागं आहे" एवढंच विचारा. १, १००, काली आणि मेटास्प्लॉइटेबल असे चार पत्ते दिसले पाहिजेत. पाचवा दिसला तर तो कोणाचा हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. वर्गमित्राने मशीन क्लोन करून दिलं असेल आणि दोघांचा पत्ता एकच येत असेल, तर क्लोन करताना नवे मॅक पत्ते बनवायचे राहिले आहेत.

## टप्पा ४: आधी नुसतं ऐका

स्कॅनिंगच्या आधी एक आठवडा वायरशार्क, म्हणजे जाळ्यातली पॅकेट पकडून दाखवणारं टूल. कालीच्या होस्ट-ओन्ली कार्डावर ऐकायला सुरुवात करा. नॅटचं कार्ड निवडलंत तर लॅबचं एकही पॅकेट दिसणार नाही. आता मेटास्प्लॉइटेबलला टेलनेटने जोडा, लॉगिन करा, बाहेर पडा.

पहिली तीन पॅकेट शोधा: सिन, सिन-ॲक, ॲक. क्रमांक शून्यापासून दिसतात, कारण वायरशार्क सोयीसाठी ते सापेक्ष करून दाखवतं. प्रत्यक्षात ती अंदाज बांधता येऊ नये अशी ३२ बिटांची संख्या असते. हा प्रश्न ओरलला हमखास येतो.

मग "टीसीपी स्ट्रीम" उघडा. लॉगिनचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल आणि पासवर्डचं एकदाच. असं का, हे वहीत लिहा. तुम्ही टाइप केलेलं नाव सर्व्हर परत पाठवतो म्हणून ते पडद्यावर उमटतं, पासवर्ड परत पाठवत नाही. तोच प्रयोग एसएसएचने करा आणि काय वाचता येतं ते बघा. (नव्या कालीतून एवढ्या जुन्या एसएसएच सर्व्हरला जोडताना किल्लीचा प्रकार जुळत नाही अशी तक्रार येते, जुने प्रकार त्या जोडणीपुरते स्पष्टपणे चालू करावे लागतात. ते प्रकार आज बंद का ठेवतात, हे शोधणं हाच एक चांगला अभ्यास आहे.)

## टप्पा ५: स्कॅन, पण उत्तर आधी ठरवून

एनमॅप काहीच न सांगता चालवलं तर सगळ्यात जास्त वापरातले १,००० पोर्ट तपासतं. मेटास्प्लॉइटेबलवर त्यांत तेवीस उघडे दिसतात. आता सगळे ६५,५३५ तपासायला सांगा. आकडा तीसच्या आसपास जातो. ३६३२ या पोर्टवरची सेवा पहिल्या यादीत नव्हतीच. "स्कॅन केलं, काही नाही" असं लिहिताना किती पोर्ट तपासले ते का लिहायचं, हे इथे कळतं.

आता फिल्टर्डचा प्रश्न. मेटास्प्लॉइटेबलवर आयपीटेबल्सने (लिनक्सची फायरवॉल) एक उघडा पोर्ट तीन प्रकारे अडवा आणि दर वेळी स्कॅन करा:

1. ड्रॉप: उत्तरच येत नाही, एनमॅप फिल्टर्ड दाखवतं.
2. साधं रिजेक्ट: आयसीएमपीचा नकार येतो, तरीही फिल्टर्डच.
3. टीसीपी रीसेटसह रिजेक्ट: आता मात्र क्लोज्ड.

वायरशार्क शेजारी चालू ठेवून ही तिन्ही उत्तरं पॅकेटच्या रूपात बघा. तासाभराचं काम आहे, पण यानंतर स्कॅनचा निकाल वाचताना अडखळायला होत नाही.

सावधान: रूट अधिकाराशिवाय एनमॅप सिन स्कॅन करत नाही, पूर्ण जोडणी करून बघतं. दोन मित्रांचे निकाल किंवा लॉग वेगळे आले तर आधी हे तपासा.

## टप्पा ६: एकच त्रुटी, मुळापासून दुरुस्तीपर्यंत

दहा त्रुटी चाटून सोडण्यापेक्षा एक पूर्ण करा. एसक्यूएल इंजेक्शन (वापरकर्त्याने टाकलेला मजकूर डेटाबेसच्या क्वेरीचा भाग होणं) घ्या. मेटास्प्लॉइटेबलवरच डीव्हीडब्ल्यूए हे सरावाचं ॲप आहे. लॉगिन ॲडमिन, पासवर्ड हा शब्दच पासवर्ड.

आत गेल्यावर सुरक्षेची पातळी "लो" करा. इथली जुनी आवृत्ती "हाय" वर सुरू होते, नव्या आवृत्त्या "इम्पॉसिबल" वर. ती न बदलता मुलं दोन दोन तास झटतात.

1. चौकटीत १ टाका. बरोबर उत्तर कसं दिसतं ते आधी लिहून घ्या.
2. फक्त एक अवतरणचिन्ह (') टाका. डेटाबेसची चूक पडद्यावर आली, म्हणजे तुमचा मजकूर क्वेरीचा भाग झाला.
3. "व्ह्यू सोर्स" दाबून पीएचपी वाचा आणि तयार होणारी पूर्ण क्वेरी वहीत हाताने लिहा. यानंतरच नेहमी खरी ठरणारी अट लावून सगळ्या नोंदी बाहेर काढा.
4. पातळी "मीडियम" करा. आता अवतरणचिन्ह निष्प्रभ केलं जातं, तरी हल्ला चालतो. सोर्स पुन्हा वाचा: क्वेरीत आकड्याभोवती अवतरणचिन्हंच नाहीत, मग ती तोडायची गरज कुठे उरते? चिन्हं गाळून हा दोष का जात नाही, ते या एका ओळीत दिसतं.
5. स्वतः दुरुस्त करा. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधी, पॅरामीटर वेगळं) वापरून तेवढंच छोटं पान वेगळ्या मशीनवर लिहा आणि पायरी २ व ३ त्याच्यावर पुन्हा चालवा.

बाहेर काढलेले पासवर्ड एमडी५ मध्ये, मीठ (सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडलेला वेगळा यादृच्छिक मजकूर) न घालता ठेवलेले आहेत. त्यामुळे दोन जणांचा पासवर्ड एकच असेल तर हॅशही एकच येतो. तुमच्या पानात बीक्रिप्ट (मीठ घालूनच हॅश करणारी पद्धत) वापरा आणि एकच पासवर्ड दोनदा साठवून दोन ओळींची तुलना करा.

हीच पाच पायऱ्यांची पद्धत पुढे ॲक्सेस कंट्रोलच्या दोषाला (एकाची नोंद नको त्याला दिसणं) लावा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या दोषांच्या यादीत तो दोष पहिल्या क्रमांकावर होता आणि कोणतंही स्वयंचलित टूल तो नीट पकडत नाही, कारण कोणती नोंद कोणाला दिसायला हवी हे टूलला ठाऊक नसतं.

सावधान: एसक्यूएलमॅप हे एसक्यूएल इंजेक्शन आपोआप करणारं टूल पायरी ५ नंतरच उघडा.

## टप्पा ७: तोच हल्ला लॉगमध्ये शोधा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. सुरक्षेतल्या सुरुवातीच्या नोकऱ्यांत मात्र हेच काम रोज असतं.

मेटास्प्लॉइटेबलवर अपाचेचा ॲक्सेस लॉग उघडा. तुमचं अवतरणचिन्ह तिथे टक्केचिन्ह आणि २७ अशा रूपात दिसेल. लो पातळीवरचं पान गेट पद्धतीने मजकूर पाठवतं म्हणून तो पत्त्यात उमटला. पोस्ट पद्धतीत तो पत्त्यात नसतो आणि या लॉगमध्ये काहीच सापडणार नाही. लॉग कोरा म्हणजे हल्ला झाला नाही, असं लिहू नका.

लॉगिनचे फसलेले प्रयत्न ऑथ लॉगमध्ये असतात. डेबियन १२ च्या नव्या मशीनवर ही फाइल बहुधा नसते. तिथे जर्नलसीटीएल (सिस्टीमचे लॉग वाचण्याची कमांड) वापरायचं. फाइल नाही म्हणून "लॉगिंग बंद आहे" असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक.

आणि घड्याळं जुळवा. एक मशीन भारतीय वेळेवर आणि दुसरं यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि घटनांचा क्रम उलटासुलटा होतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं जुळवणं, १८० दिवसांचे लॉग जपणं आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं, हे तिन्ही आहे.

तपासा: वहीतल्या वेळा आणि लॉगमधल्या वेळा मिनिटाच्या आत जुळतात का?

## टप्पा ८: ऑनर्स आणि प्रमाणपत्रं

ऑनर्सला साधारण १८ ते २० जादा क्रेडिट असतात. म्हणजे पाचव्या ते आठव्या सेमिस्टरपर्यंत दर वेळी एक जादा विषय. केटी शिल्लक असेल तर आधी ती काढा. नेटवर्कमध्ये राहिलेली केटी असताना ऑनर्स घेणं दोन्हीकडून जड जातं.

प्रमाणपत्रासाठी सहाव्या सेमिस्टरपर्यंत पैसे खर्च करू नका. पोर्टस्विगरचा वेब सुरक्षेचा सराव आणि पिकोसीटीएफ मोफत आहेत. ओएससीपी या हल्ल्याच्या प्रात्यक्षिकावरच्या प्रमाणपत्राची परीक्षा २३ तास ४५ मिनिटं चालते आणि अहवालासाठी आणखी २४ तास मिळतात. पहिल्या सात टप्प्यांनंतरच तिचा विचार करा.

## टप्पा ९: अहवाल लिहा

एका त्रुटीला दोन पानं पुरेत. त्यात हवं ते असं: कोणतं मशीन आणि कोणती आवृत्ती, पायऱ्या क्रमाने, मिळालेला निकाल, नुकसान काय होऊ शकतं, दुरुस्ती कशी केली, आणि दुरुस्तीनंतर त्याच पायऱ्यांचा निकाल. प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये आयपी पत्ता आणि वेळ दिसली पाहिजे. सीव्हीएसएसचा (त्रुटीची तीव्रता मोजण्याची पद्धत) गुण दिलात तर त्यामागचे घटकही लिहा. नुसता ९.८ लिहिला की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

लिहून झाल्यावर ही लॅब न पाहिलेल्या वर्गमित्राला तो कागद द्या आणि "कोरं" स्नॅपशॉटवर मशीन परत न्या. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, ती ओळ पुन्हा लिहा.